पगारपत्रकात उचल दिसते का?

बेकरी, गॅरेज किंवा शिवणकामाचा कारखाना चालवणारे अनेक बंधू-भगिनी आता पगाराचे सॉफ्टवेअर घेण्याच्या विचारात आहेत. विक्रेता हजेरी, रजा, मोबाइल अ‍ॅप असे बरेच काही दाखवतो. तुम्ही आधी विचारा: उचल कशी नोंदवता?

आपल्याकडे ईदला, लग्नाला, आजारपणात कामगार उचल घेतो. ती मालकाच्या डायरीत राहते आणि पुढे वाद होतो. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचे कर्ज लिहून ठेवण्याचा आदेश आहे. म्हणून दर महिन्याच्या पगारपत्रकावर घेतलेली उचल, कापलेला हप्ता आणि बाकी दिसलीच पाहिजे; तीही कामगाराला वाचता येईल अशा भाषेत. उचलीवर व्याज शून्य ठेवता येते ना, हेही पाहा.

मग कायद्याचे गणित तपासा. महाराष्ट्रात 20,000 रुपये पगाराच्या महिलेचा व्यवसाय कर शून्य यायला हवा. तेवढ्याच पगाराच्या पुरुषाचा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. ईएसआय लागू असेल तर कामगाराचे 0.75 टक्के कापले जातात. मालकाचे 3.25 टक्के मालकानेच भरायचे. ते कामगाराच्या पगारातून वळते होता कामा नयेत.

चार-पाच माणसांच्या दुकानाला सहीची वहीसुद्धा पुरते. मात्र घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण वही पाळत नाही, सॉफ्टवेअरही नाही. पगाराची तारीख आपणच पाळायची असते.