बोअरचे पाणी काचेसारखे, मग तपासायचे कशाला?

उन्हाळा लागला की मोहल्ल्यात नवीन बोअरची चर्चा सुरू होते. पाणी किती फुटांवर लागेल, हे आपण सगळेच विचारतो. ते पिण्यालायक असेल का, हे क्वचितच कोणी विचारतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालानंतर मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर निघाले. सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांपैकी वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे सात आपल्या राज्यातले आहेत.

असे का झाले? आधी पायाखालची जमीन समजून घेऊ. राज्याचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा. वर माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक. यात साठलेले पाणी म्हणजे मुक्त जलधर. आपल्या विहिरी याच थरात असतात. या थरावर झाकण नाही; शेतातला युरिया, गोठ्यातले शेणमूत, सेप्टिक टँकची गळती, सगळे खाली झिरपते. त्याखाली कातळाच्या थरांमध्ये दाबाखाली अडकलेले पाणी म्हणजे बंदिस्त जलधर. ते तुलनेने सुरक्षित. पण केसिंग पाईप पक्क्या खडकापर्यंत नीट बसवला नाही, तर वरची घाण बोअरमधूनच तिथे पोहोचते. शिवाय यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत खडकातलेच फ्लोराइड पाण्यात उतरते. म्हणजे खोल बोअर म्हणजे शुद्ध पाणी, ही आपली खुशफहमी आहे.

दाट वस्तीत धोका जास्त. गटार योजना नाही, घर, टँक आणि बोअर हाताच्या अंतरावर. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. अशा पाण्यात पावडरचे दूध कालवून दिले, तर सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते.

आपण मस्जिदीत बोअरसाठी चंदा देतो, सवाबचे काम म्हणून देतो. त्याच चंद्यातून पाणी तपासणीचा खर्चही निघू शकतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा नमुना द्या आणि अहवाल नोटीस बोर्डावर लावा. नगरसेवकाकडे बोअर मागताना गटारही मागा. प्यासाला पाणी पाजणे नेकी आहे, पण ते पाणी कसे आहे, हे पाहणेही आपल्याच जिम्म्यात येते.