विषय : पोलीस कारवाई



कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अर्जात काय लिहिले आहे यापेक्षा वर ‘विषय’ काय लिहिला आहे, यावर तो कोणत्या टेबलावर जाणार हे ठरते. टेबल बदलले की निकालही बदलतो. एक सरकार शेजारच्या मुलखात फौज घालते आणि जगापुढे खुलासा करते, तेव्हाही हेच घडते. याचे उदाहरण आपल्या पैनगंगेच्या पलीकडेच आहे.

१९४८ पर्यंत उमरखेडकडची माणसे नदी ओलांडून हदगावला गेली की निजामाच्या राज्यात पोचत. तसे पाहिले तर आपले वऱ्हाडही मुळात निजामाचेच. इंग्रजांनी १८५३ साली फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी ते ताब्यात घेतले आणि १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने ठेवून घेतले. त्या वेळचा विषय होता ‘थकबाकी वसुली’!

१९४७ साली निजाम ना भारतात आला, ना पाकिस्तानात गेला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. तो मोडल्याचा आरोप दोन्ही बाजू एकमेकांवर करू लागल्या. दिल्ली म्हणे, कासीम रझवीचे रझाकार जुलूम करतात. हैदराबाद म्हणे, भारताने आमची नाकेबंदी केली आणि सीमेवर हल्ले होतात. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौज आत शिरली. सोबत रणगाडे होते, विमाने होती, मेजर जनरल चौधरी सेनापती होते. पण फाईलवर विषय पडला ‘पोलीस कारवाई’!

असे का? राष्ट्रसंघाच्या सनदेप्रमाणे एका देशाने दुसऱ्यावर बळ वापरायचे नाही. स्वसंरक्षण किंवा सुरक्षा समितीची मंजुरी, एवढीच सूट. युद्ध म्हटले की कागद सुरक्षा समितीच्या टेबलावर जातो. पोलीस म्हटले की तो घरचा मामला ठरतो. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये समिती बसली, तेव्हा भारतातर्फे रामस्वामी मुदलियार यांनी हेच मांडले : हैदराबाद हा स्वतंत्र देश नव्हताच, त्याला तक्रारीचा अधिकार नाही. दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्र खाली ठेवले, पुढे तक्रारही मागे घेतली. निकाल असा लागलाच नाही.

या फाईलवर साक्षीला आपलाही समाज ओढला गेला होता. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच हैदराबादच्या अस्पृश्य बांधवांना बजावले होते, की निजामाच्या बाजूने उभे राहू नका. आणि निजामाने राष्ट्रसंघाकडे पाठविलेल्या शिष्टमंडळात दलित पुढारी बी. श्यामसुंदर होते. एरवी ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्याची सही जगाला दाखविण्यासाठी मात्र हवी होती!

आमचे मत विचाराल तर निजामाची राजवट गेली हे योग्यच झाले. तिथली जनताच तिच्याविरुद्ध लढत होती. पण पोलीस कारवाई म्हटली, तर पोलिसांचा एक नियम असतो : माणूस मेला की पंचनामा होतो. इथे कारवाईच्या वेळी आणि नंतर गावोगावच्या मुसलमान रयतेवर सूड उगविला गेला. पंडित नेहरूंनी सुंदरलाल समिती पाठविली. तिने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचा नांदेड होता. काही ठिकाणी लुटीत व हत्येत शिपायांचाही हात होता, असे समितीने नोंदविले. हा पंचनामा कपाटात गेला तो २०१३ पर्यंत लोकांसाठी खुला झालाच नाही.

गोव्याच्या वेळी विषय वेगळा होता : ‘वसाहतवादाचा शेवट’. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीत भारताने माघार घ्यावी या ठरावाला सात मते पडली, विरोधात चार. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव पडला. पुढे १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा तिथल्या नव्या सरकारनेच बोलाविले असे सांगितले आणि त्याच महिन्यात कुवेतला आपला प्रांत करून टाकले. २०२२ मध्ये युक्रेनवर चालून जाताना रशियाने ‘विशेष लष्करी मोहीम’ हा शब्द काढला आणि स्वसंरक्षणाचे कलम पुढे केले.

ही सगळी प्रकरणे एका तागडीत तोलावीत असे आम्ही म्हणत नाही. पण शब्द सारखेच गोड असतात, म्हणून शब्दावर निकाल देता येत नाही. मग सामान्य माणसाने ओळखायचे कसे? आमच्या मते दोन गोष्टी पाहाव्यात. फौज शिरल्यावर तिथल्या माणसाच्या हाती मतपत्रिका आली का? हैदराबादेत ती १९५२ साली आली, गोव्यात १९६३ साली. आणि मेलेल्यांचा हिशेब उघड केला का? इथे आपलेही सरकार ६५ वर्षे नापास झाले.

दर १७ सप्टेंबरला पैनगंगेच्या पलीकडे मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. ते अवश्य व्हावे. हुतात्म्यांची नावे घ्यावीत. आणि ज्यांची नावे कुठल्याच कागदावर आली नाहीत, त्यांच्यासाठीही दोन मिनिटे उभे राहावे. उद्या कुठले सरकार शेजारी फौज घालून छानसा शब्द वापरील, तेव्हा घरात वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलाला एवढेच सांगा : बाळा, विषय वाचलास ना? आता पान उलट.