एकतर्फी प्रेमाची बदनामी

आपल्या वर्तमानपत्रांनी मराठी भाषेवर जे अत्याचार केले आहेत, त्यांत ‘एकतर्फी प्रेमातून’ ह्या शब्दप्रयोगाचा क्रमांक मी फार वरचा लावीन. एकतर्फी प्रेमातून हल्ला, एकतर्फी प्रेमातून खून! असा मथळा वाचला की घरातली वडीलधारी मंडळी सुस्कारा टाकतात, पेपर घडी करून बाजूला ठेवतात आणि पहिले वाक्य बोलतात ते घरातल्या मुलीला उद्देशून : “उद्यापासून दिवेलागणीच्या आत घरात ये.” खून मुलाने केला, प्रेमही म्हणे त्याचेच, आणि दिवेलागणीच्या आत यावयाचे मुलीने!

सणासुदीच्या दिवसांत हा विषय काढल्याबद्दल फराळाचे ताट पुढे असणाऱ्या वाचकांनी रागावू नये. संपादकांनी मजकडे मागितली होती ती कॉलेजातल्या प्रेमाची एक खुसखुशीत कथा. दरवर्षी मागतात, आणि दरवर्षी मी देते. यंदा मात्र कथेऐवजी भांडण पाठवीत आहे. एकतर्फी प्रेम ही चीज मी जवळून पाहिलेली आहे आणि तिची ही बदनामी आता मला ऐकवत नाही.

१९९६ साली मी दहावी झाले आणि नाशकातल्या एका कॉलेजात अकरावीला नाव घातले. आदल्याच दिवाळीत ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आला होता व त्याची नशा कॉलेज रोडवरून अजून उतरलेली नव्हती. आम्ही चौघे होतो. मी, पंचवटीतली माझी एक मैत्रीण, दिंडोरीहून रोज एस. टी. ने येणारा एक शेतकऱ्याचा मुलगा. आणि गंगापूर रोडवरून कायनेटिक होंडा उडवीत येणारे एक चिरंजीव. आता हिशेब ऐका. कायनेटिकवाल्याचे मन माझ्यावर, माझे दिंडोरीवाल्यावर, दिंडोरीवाल्याचे माझ्या मैत्रिणीवर, आणि मैत्रीण कायनेटिकचा हॉर्न ऐकला की वेणी पुढे घेई. चार प्रेमे, आणि चारही एकतर्फी! वर्तमानपत्रांचे गणित खरे असते तर आमच्या एका वर्गात त्या वर्षी चार मुडदे पडावयास हवे होते.

पडले काय? तर चिठ्ठ्यांचा पाऊस. हे टपाल सार्वजनिक वाचनालयातून चाले. १८४० साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेने नाशिककरांची पुष्कळ सेवा केली आहे. आमच्या चिठ्ठ्या वाहिल्याची नोंद तिच्या अहवालात बहुधा नसावी. चिठ्ठी ठेवावयाची ती कोणी चुकूनही हात लावणार नाही अशा पुस्तकात. आम्ही एक जाडजूड व्याकरण निवडले होते. मैत्रिणीला आलेली चिठ्ठी मी वाचावयाची, मला आलेली तिने. उत्तरे दोघींनी मिळून लिहावयाची. त्यात एकदा पाकिटांची अदलाबदल झाली आणि पंधरा दिवस कोण कोणावर रुसले आहे हे कोणालाच कळेना. गोदाकाठी बसून आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. ती कायनेटिकसाठी, मी दिंडोरीसाठी. मग मिसळ खाल्ली.

पण मला सांगावयाचे आहे ते पुढचे. एका संध्याकाळी सी. बी. एस.वर दिंडोरीची गाडी लागलेली असताना मी त्या मुलाला विचारून टाकले. तो गोंधळला, कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, “माझ्या मनात तसं काही नाही गं. वाईट वाटून घेऊ नकोस.” एवढेच. मी घरापर्यंत चालत, रडत गेले. जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले. महिन्याभराने कायनेटिकवाल्याने मला विचारले. मी ‘नाही’ म्हटले. आठ दिवस त्याने माझ्याकडे पाहिले नाही. वर्गात पाय आपटीत शिरे, बाकावर वही आदळी. नवव्या दिवशी येऊन म्हणाला, “अर्थशास्त्राची वही देतेस का? माझी अपुरी आहे.” दिली.

वाचकहो, हे जे आठ दिवस आहेत ना, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. नकार ऐकणे, तो अंगात जिरवणे, आणि ज्या व्यक्तीने तो दिला तिच्याकडेच पुन्हा माणसासारखे वही मागावयास जाणे, हे शिक्षण त्या मुलाला त्या गुंत्यातच मिळाले. मलाही मिळाले. एकतर्फी प्रेमाने माणूस कविता करतो, वजन घटवितो, परीक्षेत गटांगळ्या खातो; पेट्रोलची बाटली तो हाती घेत नाही. जो घेतो त्याच्याजवळ प्रेम नसते, मालकी असते. ज्या वस्तूवर आपण हात ठेवला ती आपली, हा त्याचा हिशेब. आणि हा हिशेब त्याला कॉलेजात कोणी शिकविलेला नसतो, तो घरून शिकून आलेला असतो.

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला कॉलेजच्या वाटेवर असेच जाळले. १० तारखेला ती गेली. गुन्हेगार विवाहित होता. २०२२ साली त्याला जन्मठेप झाली. आता ह्या घटनेवर आपण काय उपाय योजला ते पाहा. दहाच दिवसांनी, १३ फेब्रुवारीला, अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वेच्या एका महिला महाविद्यालयाच्या शिबिरात मुलींना उभे करून शपथ देण्यात आली, की मी प्रेम करणार नाही आणि प्रेमविवाह करणार नाही. हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही असेही त्या शपथेत होते. तेवढ्यापुरती ती चांगली म्हणेन. पण बाकीचे काय? जाळली गेली मुलगी, आणि शपथ मुलींना! चोरी झाली म्हणून ज्याच्या घरी झाली त्याच्याकडूनच ‘मी पुन्हा घर बांधणार नाही’ असे लिहून घेण्यातला हा प्रकार. शपथ मुलींनाच का, असे त्या वेळी पंकजा मुंडे यांनीही विचारले होते. त्याचे उत्तर कोणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

ह्या शपथेची चव मला ठाऊक आहे. त्या वर्षाच्या अखेरीस एक चिठ्ठी व्याकरणातून निसटून आमच्या घरी पोहोचली. देव्हाऱ्यापुढे निरांजन लावून माझा हात त्यावर धरण्यात आला आणि मी काय काय करणार नाही ते माझ्याकडून वदवून घेण्यात आले. परीक्षा मी दिली, पासही झाले. बारावीचा अर्ज मात्र भरला गेला नाही. माझ्या नावापुढे मॅट्रिक एवढेच राहिले ते त्यामुळे. दिंडोरीची एस. टी. दुसऱ्या वर्षीही वेळेवर येत होती आणि कायनेटिकही. त्या दोघांना कोणी निरांजनापुढे उभे केले नाही. करावे अशी माझी इच्छाही नाही. दोघेही सरळ मुलगे होते.

“पण बाई, अभ्यासाचे वय असते ते!” हा आक्षेप मी पालकसभेत इतक्यांदा ऐकला आहे की आता तो सुरू होण्यापूर्वीच मी मान हलविते. अभ्यासाची एवढी काळजी असती तर मुलीचे कॉलेज बंद झाले असते का? चिठ्ठी सापडली की आमच्या घराघरांतून पहिला प्रश्न निघतो तो मार्कांचा नसतो, आडनावाचा असतो. आडनाव सोयीचे निघाले तर तीच चिठ्ठी पुढे साखरपुड्यात कौतुकाने सांगितली जाते. गैरसोयीचे निघाले तर? २०१३ साली आमच्या ह्याच नाशकात, जातीबाहेर लग्न केले म्हणून, एका बापाने गरोदर मुलीला रिक्षात गळा आवळून मारले. त्यातून जातपंचायतींविरुद्ध चळवळ उठली आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आला. पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली का? त्या खुनाला कोणी ‘पितृप्रेमातून खून’ असा मथळा दिला नाही. तिथे मात्र प्रेम हा शब्द आपण सांभाळून ठेवला!

सरकार तरी काय करते? १३ डिसेंबर २०२२ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांच्या कुटुंबांशी ‘समन्वय’ साधण्यासाठी समिती नेमली. ओरड झाली तेव्हा दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळला, दुसरा ठेवला.

आता आम्हा लेखकांची पाळी. आमच्या हातूनही हे पाप पुष्कळ वाढले आहे. ना. सी. फडक्यांपासून सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’पर्यंत मराठी कादंबरीला कॉलेजची ओढ आहे, आणि ती मला प्रियच आहे. वसंत कानेटकरांनी तर नाशकात प्राध्यापकी करता करताच ‘प्रेमा तुझा रंग कसा’ लिहिले आणि आईबापांनाही हसत हसत बरेच ऐकविले. परंतु नायिकेचा नकार खरोखर नकारच आहे, आणि नायक तो ऐकून घरी जातो, जेवतो, झोपतो, अशी प्रकरणे आम्ही किती लिहिली? आमच्या कथांत ‘नाही’ म्हणजे जिन्याची पहिली पायरी. नायकाने चिकाटी धरावयाची आणि शेवटच्या पानावर तिने डोळे पुसून ‘हो’ म्हणावयाचे. सिनेमाने तर त्याच्याही पुढे मजल मारली. १९९३ च्या ‘डर’मध्ये जो मुलीचा पिच्छा पुरवून तिचे जगणे नकोसे करतो, त्याच्याच लकबींची नक्कल आमच्या वर्गातली मुले करीत, तिच्या नवऱ्याची कोणी केली नाही. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षेच्या वर्गातच जाळले होते. त्या घटनेला तीनच वर्षे झाली होती.

माझ्या शाळेत दरवर्षी नववी-दहावीच्या मुलींना हॉलमध्ये बसवून ‘सावधगिरी’वर व्याख्यान होते. तेवढा वेळ मुलांना मैदानावर सोडतात. व्याख्यान चालू असता बाहेरून क्रिकेटचा आरडाओरडा ऐकू येत असतो. गेल्या वर्षी मी म्हटले, मुलांनाही आत बसवा. “त्यांना त्यात काय कळणार?” असे उत्तर मिळाले. म्हणून ह्या पावसाळ्यात चित्रकलेच्या तासाला मीच मुलांपुढे विषय काढला. रंग वाळेपर्यंत वेळ असतोच. बराच वेळ कोणी बोलेना. मग खिडकीजवळच्या एकाने विचारले, “बाई, नाही म्हणाली तर पुन्हा किती वेळा विचारायचं?”

“एकदाही नाही,” मी म्हटले.

वर्गात एकच गलका झाला. एकाने तर तावातावाने तीन सिनेमांची नावे घेतली. घंटा झाली तेव्हा चौथ्याचे नाव त्याच्या तोंडात होते. सुटी संपून शाळा उघडली की तिथूनच पुढे भांडावयाचे आहे.