पाकिटातले तीन अनामिक

एका हाताने चकलीचा तुकडा मोडीत दुसऱ्या हाताने दिवाळी अंकाची पाने उलटणाऱ्या वाचकांपुढे भूछत्रांचा विषय काढावा, हे काही रसिकतेचे लक्षण नव्हे, हे मला कळते. फराळाच्या ताटात अळंबीला स्थान नाही, आणि पुष्कळ घरांत तर ती उंबऱ्याच्या आतही येत नाही. पण हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो आमच्या घरी पाकिटात बसून आला.

गेल्या पावसाळ्यातला रविवार. आमच्या कन्येला कसलासा इटालियन भात करायचा होता. त्यासाठी तिने एका मोठ्या दुकानातून सुक्या परदेशी अळंबीचे पाकीट आणले. किंमत मी विचारली आणि विचारली नसती तर बरे झाले असते असे वाटले. पाकीट फोडले तेव्हा आतून तपकिरी, वाळक्या, सुपारीच्या खांडांसारख्या दिसणाऱ्या चकत्या निघाल्या. आई जवळच भाजी निवडीत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, कोकणातल्या एका वाडीत वाढलेली बाई. तिने एक चकती उचलली, वास घेतला, उजेडात धरली आणि विचारले,

"ही कुठली गं?"

"पोर्चिनी, आजी. पाकिटावर लिहिलंय."

"ते दुकानदारानं दिलेलं झालं. हिचं नाव काय?"

कन्येने माझ्याकडे पाहिले. मराठी शिकवून पोट भरणारा माणूस शब्दांच्या बाबतीत सर्वज्ञ असतो, असा घरातल्या मंडळींचा गैरसमज आहे. मी गप्प राहिलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, आणि वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, आईने विचारला तोच प्रश्न लंडनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी अशाच एका पाकिटाला विचारला होता.

ही हकीकत २०१४ सालची. क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती-उद्यानातले कवकतज्ज्ञ ब्रिन डेंटिंजर आणि त्यांच्या सहकारी लॉरा मार्टिनेझ-सुझ यांनी लंडनच्या एका दुकानातून सुक्या पोर्चिनीचे पाकीट विकत घेतले. माल चीनमधला होता. त्यातले पंधरा तुकडे घेऊन त्यांनी तपासले. पंधरा तुकड्यांत तीन जाती निघाल्या, आणि त्या तिन्हींपैकी एकीलाही तोवर शास्त्रीय नाव नव्हते! माणसे अपरिचित प्राण्यांच्या शोधात अरण्ये तुडवतात, समुद्राचा तळ गाठतात. येथे तीन अनामिक जाती दुकानाच्या फळीवर किमतीची चिठ्ठी लावून बसल्या होत्या. लोक त्या विकत घेत होते, शिजवीत होते आणि वाखाणीत होते.

आता ही पोर्चिनी म्हणजे काय, ते सांगायला हवे. आपल्याला ठाऊक असलेल्या अळंबीच्या छत्रीखाली पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे असतात. पोर्चिनीच्या कुळात पडदे नसतात. छत्रीची खालची बाजू स्पंजासारखी, बारीक छिद्रांची असते. हे कुळ म्हणजे बोलेटस. त्यातला सर्वांत नामांकित गृहस्थ बोलेटस एड्युलिस. हे नाव त्याला १७८२ साली ब्युल्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. टोपी भाजलेल्या पावासारखी तपकिरी, दांडा चांगला जाडजूड, त्यावर पांढरट नक्षीची जाळी. छिद्रे कोवळेपणी पांढरी, मग पिवळी, शेवटी हिरवट. आणि कापले तरी आतला गर पांढराच राहतो.

पण कुळ मोठे असले की, तोंडवळ्याची माणसेही पुष्कळ. युरोपात पोर्चिनी म्हणून चार भावंडे ओळखली जातात. एड्युलिस एक, दुसरा काळसर टोपीचा एरियस, तिसरा पाइनच्या झाडांखाली उगवणारा, तांबूस टोपीचा पिनोफिलस, चौथा उन्हाळ्यात लवकर येणारा, मखमली टोपीचा रेटिक्युलाटस. चौघेही खाण्याजोगे, म्हणून त्यांच्यात घोटाळा झाला तरी बिघडत नाही. बिघडते ते चुलत घराण्यात. टायलोपिलस फेलियस हा दिसायला थेट एड्युलिससारखा. पण त्याची छिद्रे पुढे गुलाबी होतात, दांड्यावरची जाळी गडद तपकिरी असते, आणि चव इतकी कडू की, एकच भांड्यात पडला तरी सारा स्वयंपाक फुकट जातो. आणखी एक आहे, त्याचे नावच सैतानावरून पडले आहे. टोपी फिकट, खालची छिद्रे लालभडक, कापला की गर निळा पडतो. हा पोटात गेला तर माणूस ओकून ओकून बेजार होतो.

म्हणजे टोपी, छिद्रे, जाळी, गराचा रंग या खुणांवर सारी पारख. पण पाकिटातल्या वाळक्या चकतीवर यांतले काय शिल्लक राहते? टोपीचा रंग गेलेला, दांड्याचा पत्ता नाही, जाळी कुठल्या कुठे. मग त्या दोघांनी ओळखले कसे?

येथे माझ्या धंद्यातले एक उदाहरण मला सोयीचे पडते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. जुन्या ग्रंथाच्या दहा पोथ्या दहा ठिकाणी मिळतात. नक्कल करणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर चुकते. त्या पोथीवरून पुढे ज्या नकला होतात त्या सर्वांत ती चूक उतरते. पोथ्या शेजारी शेजारी ठेवून पाठभेद टिपले की, कोणती पोथी कोणत्या घराण्यातली ते कळते. पुठ्ठा फाटलेला असो, शाई उडालेली असो. सजीवांच्या प्रत्येक पेशीतही अशीच एक पोथी असते. तिची अक्षरे अवघी चार. पिढ्यान्‌पिढ्या नकला होताना तीतही पाठभेद होत जातात. त्या पोथीतला एक ठरावीक उतारा कवकांची ओळख पटवण्यासाठी साऱ्या जगाने वाचावा, असे २०१२ साली शास्त्रज्ञांनी सुचवले. लंडनच्या त्या पंधरा तुकड्यांतला हाच उतारा वाचून जगभरच्या नोंदींशी ताडून पाहिला. पंधरा पोथ्या तीन घराण्यांत विभागल्या गेल्या, आणि ती तिन्ही घराणी नाव नसलेली निघाली.

नावे ठेवली तीही मोठी गमतीची. एक बोलेटस बाइनिउगान. चीनच्या युन्नान प्रांतात या अळंबीला लोक याच नावाने ओळखतात. अर्थ, 'पांढरे बैलाचे यकृत'. (हे ऐकून आईने "शिव शिव" म्हटले. मी तिला आपल्या 'कुत्र्याच्या छत्री'ची आठवण दिली तेव्हा ती हसली.) दुसरी मेइवेइनिउगानजुन, म्हणजे चविष्ट 'बैल-यकृत' अळंबी. तिसरी शियोंग, म्हणजे 'खाण्याजोगी'. आणि लॅटिनमध्ये एड्युलिसचा अर्थ तरी काय? 'खाण्याजोगा'च! फ्रान्समधला पंडित आणि चीनमधला खेडूत, दोघांनीही पहिला विचार पोटाचाच केला. इटलीतल्या लोकांनी तर या गुबगुबीत अळंबीकडे पाहून तिला 'डुकराची पिल्ले' म्हटले. पोर्चिनीचा अर्थ तोच.

नव्या जातीला नाव देणे हे बारशासारखे नसते. नाव छापून प्रसिद्ध करावे लागते, ही जात इतरांहून कशी वेगळी ते लिहावे लागते आणि तिचा एक नमुना संग्रहालयात कायमचा जपून ठेवावा लागतो. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत हे वर्णन लॅटिनमध्येच असावे, असा नियम होता. आता इंग्रजीही चालते. पण वर्णनाचा गाभा तोच राहिला: ही अमुकासारखी आहे, पण अमुक नव्हे.

कोणी म्हणेल, नाव नव्हते म्हणून काय अडले होते? खाणारे खातच होते ना? अडते ते असे. पोर्चिनीची शेती करता येत नाही. पाइन, ओक अशा झाडांच्या मुळांशी तिचा संसार असतो. झाड तिला साखर पुरवते, ती झाडाला जमिनीतले क्षार पुरवते. त्यामुळे सारा माल रानातून वेचलेला. तीन जाती एकाच नावाखाली विकल्या जात असतील, तर त्यांतली एक संपत आली तरी ते कुणाला कळावे? ज्याचे नाव नाही त्याची मोजदाद नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्याचे रक्षण कोण करणार? दुसरी गोष्ट जिवाची. ज्या पाकिटात तीन अनोळखी पण खाण्याजोग्या जाती निमूट शिरू शकतात, तशाच पाकिटात एखादी न खाण्याजोगीही शिरू शकेल. कवकांच्या सुमारे दीड लाख जातींना आजवर नावे मिळाली आहेत. जगात एकूण जाती २२ ते ३८ लाख असाव्यात, असा अंदाज २०१७ साली मांडला गेला. म्हणजे नाव असणारेच अपवाद.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने आईला सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे आपल्या आजीसारखंच केलं त्यांनी. तुला आठवतं ना?"

आठवत होते. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आजोळी सुट्टी लांबली होती, पाऊस धरला होता. वारुळावर अळंबी फुटली की घरात सण असे. एकदा मी एकटाच जाऊन सदऱ्याच्या ओट्यात पांढरीशुभ्र छत्र्या भरून आणल्या आणि शाबासकीच्या आशेने आजीपुढे ओतल्या. तिने एक उलटी केली. खालच्या पडद्यांवर किंचित हिरवट झाक होती. दांड्याला एक सैलसे कडे होते. दांड्याचे टोक तिने बोटाने चाचपले. "मूळ कुठाय हिचं?" तिने विचारले. मग सगळीच्या सगळी शेणखताच्या खड्ड्यात टाकली, माझे हात राखेने घासून धुतले आणि एवढेच म्हणाली, "ही ती नव्हे."

त्या तीन शब्दांचा अर्थ मला आज, चाळिशी उलटल्यावर, कळतो आहे. वारुळावरची अळंबी ही टर्मिटोमायसीस या कुळातली. वाळवी जमिनीखाली तिची बाग राखते. त्या बागेतून छत्री वर येते, म्हणून तिचा दांडा लांब मुळासारखा खोल गेलेला असतो आणि माती फोडण्यासाठी टोपीला मध्ये टोक असते. हिरवट पडद्यांची, कड्याची, मूळ नसलेली ती दुसरी जात क्लोरोफायलम. ती खाल्ली की तासा-दोन तासांत भयंकर उलट्या आणि जुलाब सुरू होतात. आजीला यांतले एकही नाव ठाऊक नव्हते. पण छत्री उलटी करणे, कडे पाहणे, मूळ चाचपणे, या तीन खुणा कोणताही कवकतज्ज्ञ आधी पाहील.

म्हणून 'नव्या जातीचा शोध' हे शब्द वाचले की मी आता जरा थबकतो. नवी कुणाला? युन्नानच्या डोंगरातल्या बाईला बाइनिउगान नवी नव्हती. पण तिचे ज्ञान तिच्या हातात आणि डोळ्यांत होते. ते लंडनच्या ग्राहकापर्यंत पाकिटातून पोचू शकत नव्हते. लिहिलेल्या नावाचा उपयोग एवढाच, आणि तो थोडा नव्हे. माझ्या आजीचे ज्ञान मात्र आमच्या शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरही पोचले नाही. मी वर्गात वर्षानुवर्षे 'भूछत्र' हा शब्द शिकवला. पण रानात नेऊन उभा केलात तर आजही मी सदऱ्याचा ओटा भरून तेच आणीन.

तेव्हा एक विनंती. हा लेख वाचून कुणी अळंबी वेचायला निघू नये. भांड्यात चांदीचा चमचा टाकावा, तो काळा पडला नाही तर अळंबी निर्धोक. किड्यांनी खाल्लेली असेल तर माणसालाही चालते. असल्या परीक्षा सर्वत्र सांगतात आणि त्या साफ खोट्या आहेत. काही अमानिता जातींचे विष शिजवूनही जात नाही. पहिली लक्षणे सहा-बारा तासांनी दिसतात, मध्ये माणसाला बरे वाटू लागते आणि तोवर यकृताचा नाश चालूच असतो. ज्याला छत्री उलटी करून "ही ती नव्हे" असे खात्रीने म्हणता येते, त्याच्याच हातची खावी.

त्या रविवारी कन्येने भात केला. आईने चव घेऊन "बरा आहे, पण वारुळावरच्या अळंबीची सर नाही" असा निकाल दिला. जेवण झाल्यावर कन्या वही घेऊन तिच्याशेजारी बसली आणि आजीच्या खुणा एकेक विचारून लिहू लागली.

"आणि आजी, त्या हिरव्या पडद्यांच्या अळंबीला काय म्हणायचे तुमच्याकडे?"

आईने बराच वेळ आठवून पाहिले.

"तिला नाव नव्हतं गं. ती नव्हे, एवढंच ठाऊक होतं."

कन्येने तेही लिहून घेतले.