फाईल आली, पण पुरती आली का?



ऊस नोंदीचे काम आता गट कार्यालयातल्या संगणकावर होते. दिवसभराच्या नोंदी सायंकाळी एका फाईलीत भरून मुख्य कार्यालयाच्या संगणकाकडे पाठवतात. ती आली की नाही, हे कुणी पाहायचे? कारकुनावर सोडले तर रात्री आलेली फाईल सकाळी दहापर्यंत तशीच पडून राहणार. हे काम संगणकावरच सोपवावे, असे आमचे मत आहे.

यात नवल काही नाही. लिनक्स प्रणालीत २००५ सालापासून 'आयनोटिफाय' नावाची सोय आहे. फोल्डरवर ती राखणीला बसवली की नवी फाईल पडताच खबर देते. विंडोजमध्येही अशी सोय आहे. मात्र फोल्डर दुसऱ्या संगणकावरचा, नेटवर्कवरून नुसता जोडून घेतलेला असेल, तर तिकडून पडलेल्या फाईलीची खबर आयनोटिफाय इकडे देत नाही. राखणदार फाईल उतरते तिथेच बसवावा लागतो.

पण खरी गोम पुढे आहे. एफटीपीने फाईल येऊ लागली की बहुधा लगेच तिचे नाव फोल्डरात दिसते. बाकीचा माल अजून वाटेतच असतो. ट्रॉलीची पुढची चाके काट्यावर चढली म्हणून कुणी वजन लिहितो का? लिहिले तर तुम्ही काटा बंद पाडाल, आणि बरोबरच कराल. मग नोंदीच्या बाबतीत गप्प का बसायचे? अर्ध्या फाईलीत ज्याची लागण तारीख राहून गेली, त्याचा ऊस तोडणीच्या पाळीत मागे पडतो आणि उन्हात उभा राहून वजन घटते.

संगणकवाले म्हणतात, आकार वाढायचा थांबला की फाईल पुरी समजावी. आपल्याकडे वीज गेली की अर्धी फाईलही वाढायची थांबते! फाईल बंद झाल्याची खबरही संपर्क तुटल्यावर येऊ शकते.

म्हणून फाईल तात्पुरत्या नावाने पाठवावी, सगळी पोचल्यावरच पाठवणाऱ्याने तिचे नाव बदलावे आणि राखणदाराने बदललेले नावच ओळखावे. शिवाय नोंदींची संख्या व एकूण क्षेत्र शेवटच्या ओळीत लिहावे. ते जुळले तरच मुख्य कार्यालयाने गटाला पोच द्यावी. खर्च म्हणाल तर प्रोग्रामच्या थोड्या ओळींचा. संचालक मंडळापुढे आम्ही हे मांडणार आहोत. तोवर नोंदीची पावती जपून ठेवा आणि चिटबॉयकडच्या यादीशी क्षेत्र व लागण तारीख ताडून पाहा.