परासरण आणि अर्धा चमचा मीठ

परासरण म्हणजे काय, असें कोणाही चुणचुणीत विद्यार्थ्यास विचारावें. व्याख्या तो एका दमांत म्हणून दाखवील. परंतु काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावतांच पाणी कां सुटतें, असें त्यासच पुसलें म्हणजे तो आईकडे पाहूं लागतो! वास्तविक उत्तर एकच. पेशीच्या पातळ पटलांतून पाण्यास वाट असते, मिठास सहजासहजीं नसते. आणि ज्या बाजूस विरघळलेले कण अधिक, तिकडे पाणी अधिक जातें. मनुका पाण्यांत फुगते ती याच न्यायानें.

आमचें म्हणणें असें कीं, हें ज्ञान वहींत न राहतां घरांत आलें पाहिजे. लहान मुलास जुलाब झाले म्हणजे कित्येक घरांत आजही त्याचें पाणी तोडतात. "पोटांत कांहीं ठरत नाहीं, मग पाजावें कशाला?" हा युक्तिवाद दिसावयास सरळ, पण घातक आहे. आंतड्याच्या पेशी मीठ व साखर जोडीनें आंत घेतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी परासरणानें शरीरांत येतें. जुलाबांतही ही वाट बहुधा बंद होत नाहीं. १९७१ सालीं पश्चिम बंगालमधील बनगांव येथें, बांगलादेशाच्या युद्धांतील निर्वासितांत पटकीची सांथ पसरली. शिरेंतून देण्याचें द्रावण संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेलें पाणी रोग्यांस पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास होतें, तें चारांच्या खालीं आलें.

घरीं करावयाचें झाल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत साखरेचे सहा व मिठाचा अर्धा चमचा घालावा. चमचे चहाचे आणि सपाट. येथें मायेचा हात सैल सुटूं नये. साखर फार झाली तर पाणी उलट शरीरांतून आंतड्यांत उतरतें व जुलाब वाढतात. मीठ फार झालें तर मेंदूच्या पेशींतलेंही पाणी बाहेर ओढलें जातें. औषधाच्या दुकानांतील तयार पुडी मिळाली तर तीच बरी. मूल ग्लानींत गेलें, किंवा पाणी पिईना, तर मात्र डॉक्टरांकडे धांव घ्यावी.

विज्ञानाच्या शिक्षकांस आमची विनंति आहे कीं, प्रात्यक्षिकाच्या दिवशीं बटाट्याच्या चकत्यांशेजारीं एक लिटरचें भांडें व चहाचा चमचाही मेजावर मांडावा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून हें पाणी एकदां मापून करवून घ्यावें.