बांधून ठेवण्याची माया

कुत्र्याचा पाय मोडला की त्याच्याभोवती दोन प्रकारची माणसं जमतात. पहिली "अरेरे, बिचारा!" म्हणून आपल्या वाटेने जातात. दुसरी खरंच कळवळतात, त्याला उचलून दवाखान्यात नेतात, खिशातले पैसे भरतात आणि चौथ्या दिवशी म्हणतात, "आता बास की. सोडा त्याला, किती कंटाळलाय बघा!" माझं भांडण या दुसऱ्या मंडळींशी आहे. पहिल्यांशी भांडून काय उपयोग?

आमच्या गल्लीत बंड्या नावाचा एक कुत्रा आहे. वय वर्ष-सव्वा वर्ष, मालक कोणीच नाही, म्हणजे सगळेच. जानेवारीत एक टेम्पो मागे घेताना त्याच्या मागच्या उजव्या पायाला चाक लागलं. दुखत असताना ओळखीचा कुत्राही चावतो, म्हणून शेजारच्या मुलाने आधी त्याच्या तोंडाला ओढणीची पट्टी बांधली (श्वास नीट घेता येईल अशी) आणि मग आम्ही त्याला जुन्या फळीवर सरकवून रिक्षातून नेलं. चावलाच असता तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सुई घ्यायला जायचं. यात "आपलाच आहे, काही होत नाही" चालत नाही.

एक्स-रेत नडगीचं हाड मोडलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं आहे. कातडी फाटलेली नाही, वय लहान आहे, हाड जागेवर बसतंय, प्लास्टरवर भागेल. मांडीचं हाड असतं तर ऑपरेशनच करावं लागलं असतं, कारण प्लास्टरने मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरावे लागतात आणि कुत्र्याच्या खुब्याला प्लास्टर धरत नाही. पुढे म्हणाले, "सहा ते आठ आठवडे. उडी नाही, जिना नाही, पळणं नाही. हाड सरकलं तर ऑपरेशन, आणि तेही जमलं नाही तर पाय काढावा लागेल. ठेवणार कोण?"

"ठेवणार कोण" म्हटल्यावर जमलेल्यांपैकी निम्म्यांना आपापली कामं आठवली. आमची मागची पडवी रिकामी होती. ह्यांनी नुसती मान हलवली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तेवढी खूण मला पुरते.

पडवीत जुनी लोखंडी कॉट आडवी लावून कोपरा अडवला. फरशी गुळगुळीत, त्यावर तीन पायांचं जनावर घसरणारच. म्हणून खाली गोणपाटं शिवून अंथरली. आणि बंड्या रडायला लागला. दिवसा, रात्री, पहाटे. समोरच्या वहिनी तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि मुक्या जिवाला तुरुंगात टाकलंत?" रात्री कोणीतरी पडवीची कडी काढून ठेवली होती. कोणी काढली ते मला माहीत आहे, पण असो. त्या दिवसापासून कडीला कुलूप लागलं.

आता मुद्दा. हाड मोडलं की तिथे आधी मऊ सांधा तयार होतो आणि तो घट्ट व्हायला पुढे कित्येक आठवडे जातात. पण दुखणं त्याच्या फार आधी कमी होतं. कुत्र्याला वाटतं, झालो बरा. त्याला वाटणारच, त्याला कुठे एक्स-रे वाचता येतो? म्हणजे तो शेपूट हलवायला लागतो, खेळायला बघतो, ते दिवस सगळ्यांत धोक्याचे. आणि नेमका तेव्हाच आपल्याला त्याचा कळवळा येतो. त्या वेळी कडी काढणारा माणूस दुष्ट नसतो हो. त्याला फक्त कुत्र्याचं रडणं सहन होत नाही. म्हणजे तो सोडवतो कोणाला? स्वतःलाच.

एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. वसतिगृहातल्या मुलाला पहिल्या रविवारी भेटायला येणारी आई मी खूप पाहिली. मूल रडलं की काहीजणी त्याला घेऊनच जायच्या. काहीजणी फाटकाबाहेर जाऊन, पदर तोंडाला लावून रडायच्या आणि एकट्याच एसटीत बसायच्या. माया कोणाची जास्त, हे मी कधी मोजलं नाही. पण शिकलं कोणाचं मूल, ते मला माहीत आहे.

नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचे. आपल्याकडे प्राण्यावरचं प्रेम म्हणजे तूप, असंच त्यामुळे बसलंय की काय कोण जाणे! बंड्याला बघायला येणारा प्रत्येकजण बिस्किटाचा पुडा घेऊन यायचा. बसून असलेल्या कुत्र्याचं वजन वाढलं की ते त्याच उरलेल्या तीन पायांवर येतं. एकाने कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. नीट आहार असेल तर त्या लागत नाहीत, आणि वाढत्या पिल्लाला जास्त झाल्या तर उलट हाडं बिघडतात. हळद-चुन्याचा लेप सुचवणारेही भेटले. अहो, मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली निघालं, आणि आपण अजून चुन्यावरच!

सर्वांत भीती वाटली ती एका सद्गृहस्थाच्या सल्ल्याची. म्हणे, तुमच्या ह्यांची गुडघ्याची गोळी अर्धी द्या. मंडळी, हे कृपा करून कोणी करू नका. आयब्रुफेनसारख्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने द्यायची नाही. मांजराला तर ती जिवावरच बेतते. वेदना कमी करणारं औषध त्याच्या डॉक्टरांनी दिलं तेच आणि तेवढंच.

प्लास्टरचीही रोज हजेरी घ्यावी लागते. पुढून बोटं दिसतात, त्यांतल्या मधल्या दोन नखांतलं अंतर वाढलं म्हणजे पाय सुजतोय. बोटं गार लागली, वास आला, तो सारखा चावायला लागला, तर उद्यावर ढकलायचं नाही. बाहेर नेताना वरून प्लास्टिकची पिशवी, आत आल्याबरोबर ती काढायची. ओलं प्लास्टर खालची कातडी कुजवतं. हे काम ह्यांनी केलं. सकाळी चष्मा लावून नखं तपासायचे, पूर्वी मी वह्या तपासायचे तसे.

पाय काढावा लागला असता तरी आकाश कोसळलं नसतं, हेही सांगते. कुत्र्याचं साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. मागचा एक पाय गेला तरी तरुण कुत्रा काही दिवसांत तीन पायांवर चालायला शिकतो. "अपंग जगण्यापेक्षा इंजेक्शन देऊन टाका" असं रिक्षातच एकजण म्हणाला होता. ते मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण वाचणारा पाय केवळ आपल्याला चार रात्री झोप लागत नाही म्हणून घालवायचा, हे त्याहून पटत नाही.

आठव्या आठवड्यात प्लास्टर निघालं. पाय बघून पोटात कालवलं, मांडी पार वाळून गेलेली. आता आठवडाभर दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं पट्टा लावून चालवतो, तेही अगदी सावकाश. जोरात नेलं की हा लबाड पाय वर उचलून तिघांवर पळतो. हळू नेलं की चौथा टेकवावाच लागतो. माझ्या चौऱ्याहत्तरीच्या चालीला पहिल्यांदाच कोणीतरी विद्यार्थी मिळालाय.

डॉक्टरांनी अजून महिनाभर पट्टा सांगितलाय, त्यानंतर पुन्हा एक्स-रे. तेव्हा गुढीपाडव्याला येणाऱ्या नातलगांना विनंती : बिस्किटं आणू नका, मुलांचे चेंडू गाडीतच ठेवा, आणि पडवीच्या कुलपाची किल्ली मागू नका. ती ह्यांच्याकडे आहे आणि ते देणार नाहीत.